सेफ्टी ऑडिट पास व्हायचंय? मला विचारा

तुमच्या बांधकामाच्या साइटवर सेफ्टी ऑडिट आहे? घाबरू नका. आमचं गुरुवारीच झालं, 92 टक्के पडले. अनुभवाचे बोल ऐका.

आधी गेट रंगवा. 'सुरक्षा प्रथम'मधला 'प्र' उडालेला असतो, तो ठळक करा.

हेल्मेटं आदल्या रात्री स्टोअरमधून काढा. पिशव्या जपून ठेवा, परत भरायची आहेत.

टूलबॉक्स टॉकचं, म्हणजे रोज कामाआधी कामगारांना द्यायच्या सुरक्षेच्या सूचनांचं, रजिस्टर एका बैठकीत भरताना पेनं तीन रंगांची घ्या. अंगठ्यांची चिंता नको, मुकादमाला दहा बोटं आहेत.

1996च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 किंवा जास्त कामगार असले की सुरक्षा समिती लिहिली होती. लेबर सहा पोटठेकेदारांत वाटली की कुणाकडेच 500 भरत नाहीत. गणित पक्कं हवं.

आता लिफ्टचा डक्ट. मागच्या ऑडिटला आमचा नवव्या मजल्यावरचा डक्ट उघडा सापडला. 'तातडीने कठडा लावा' असा शेरा. अडाणी माणूस पाइप आणून कठडा लावत बसेल. शहाणा माणूस चौथ्या मजल्यावरच्या कठड्याचा फोटो काढतो, खाली 'नववा मजला' लिहितो आणि मेल करतो. शेरा मिटला! गुरुवारी मी ऑडिटरसाहेबांना म्हटलं, वर चला, दाखवतो. म्हणाले, गुडघा दुखतो, फोटो आलाय ना? मी चेकलिस्टवर 'नाही' लिहिलं. मॅनेजरनी कोरी प्रत पुढे सरकवली, "लागू नाही लिही रे." सोळा मजल्यांच्या इमारतीत लिफ्टचा डक्ट लागू नाही! आता त्यावर प्लायचा तुकडा टाकलाय, एक खिळासुद्धा न मारता. त्यापेक्षा उघडा बरा होता हो, निदान दिसत तरी होता! संध्याकाळी डोक्यावर घमेलं घेऊन येणाऱ्या बाईला ती जमीनच वाटणार.

बेल्ट दिले? होय. हुक कशाला अडकवायचा, असा रकानाच नाही. बाहेरच्या परांचीवरचं पोरगं मला विचारतं, "साब, हुक कहाँ लगाऊँ?" लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा दोर, कुणी बांधलेलीच नाही. काय सांगू त्याला? माझ्या खिशाला लाव?

लेबर कॅम्पसाठी एकच प्रश्न: पिण्याचं पाणी आहे का. आहे. पत्र्याच्या खोल्या शेजारच्या कंपाउंड भिंतीला टेकून आहेत, भिंतीच्या पलीकडे भराव आहे, हे कुणी विचारत नाही. जून 2019मध्ये कोंढव्यात अशीच भिंत रात्री झोपड्यांवर पडली आणि 15 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. पुण्यात काम करता ना तुम्ही? मग हे माहीत नाही असं म्हणू नका.

लाज वाटू द्या जरा. कठड्याला किती पाइप लागतात? स्टोअरमागे गंजत पडलेत तेवढे. एका वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही फोटोखालचा मजला बदलण्यात घालवलात. आणि उद्या कुणी पडलं की 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहायला पहिले तुम्हीच.

कोऱ्या प्रतीवर शेवटी 'लागू नाही' मीच लिहिलं. सहीही माझीच आहे.