डस्ट कलेक्टर निव्वळ शोभेचा असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली चार ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नखांवर जेल वगैरेचं काम करतो त्या नेल टेबलवर डस्ट कलेक्टर, म्हणजे नखं घासताना उडणारी धूळ ओढून घेणारं मशीन, हवाच, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की आठ वर्षं तुम्ही मास्क आणि टेबलफॅनवर काम केलंत आणि काही बिघडलं नाही. लेख वाचून जास्त वॅटचं मशीन घेतलंत, तर तीन महिन्यांत त्याने धूळ ओढणं सोडलं. दर आठवड्याला फिल्टर धुऊनही उपयोग नाही, आणि आवाज एवढा की क्लायंटशी बोलता येत नाही. "हे मशीन निव्वळ शोभेचं आहे आणि तुम्ही लोकांना खर्चात पाडता," हे तुमचं शेवटचं वाक्य.

आधी माझी चूक कबूल करते. 'फिल्टर आठवड्यातून एकदा स्वच्छ करा' एवढंच मी लिहिलं. कोणता फिल्टर, कशाने, हे सांगितलंच नाही. तुम्ही तो नळाखाली धरलात यात तुमचा काही दोष नाही. पण घड्यांचा कागदी फिल्टर ओला झाला की आतली बारीक भुकटी धाग्यांमध्ये लगद्यासारखी बसते आणि सुकल्यावर तिथेच घट्ट होते. घड्या एकमेकींना चिकटतात, कडेचा गोंद सुटतो. मग मधून हवा जात नाही आणि कडेच्या फटीतून धूळ न गाळता सुटते. वरून मात्र फिल्टर पांढराशुभ्र दिसतो. बनवणाऱ्याने 'धुता येतो' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच फिल्टर धुवायचा, आणि तोही पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत बसवायचा नाही. तुमचं मशीन बहुधा बिघडलेलं नाही, ते गुदमरलंय. नवा फिल्टर घालून बघा, मग त्याला नावं ठेवा.

आता 'आठ वर्षांत काही बिघडलं नाही' याबद्दल. टेबलावर जो पांढरा थर दिसतो, तो धुळीचा जड भाग. तो खाली पडला म्हणजे निदान श्वासात गेला नाही. खरी काळजी न दिसणाऱ्या धुळीची. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटं घेतो, 1 मायक्रॉनच्या कणाला मात्र स्थिर हवेतही आठेक तास लागतात. सलूनमधली हवा कधी स्थिर असते? क्लायंट उठून गेली, टेबल पुसलं, पुढची येऊन बसली, तरी आधीच्या नखांची धूळ तिच्या चेहऱ्यासमोर तरंगत असते. खोटं वाटत असेल तर एका संध्याकाळी फायलिंग (नखं घासणं) संपल्यावर दिवे बंद करा आणि टॉर्चचा झोत टेबलावरून आडवा सोडा. डोळे झोताच्या उंचीवर आणा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा झोतात कण दाट धुरासारखे वळत होते, आणि मी तर टेबल नुकतंच पुसलं होतं. तेवढं बघितल्यावर मी टेबलफॅन काढून टाकला. फॅन धूळ गोळा करत नाही, तुमच्या तोंडासमोरची धूळ क्लायंटच्या आणि शेजारच्या टेबलाच्या तोंडावर फेकतो.

मास्क सोडा असं मी कधीच म्हटलं नाही. नीट बसणारा एन95 हवाच. साधा सर्जिकल मास्क कडेने सैल राहतो आणि बारीक धूळ आत घेतो. पण मास्क फक्त तुम्हाला वाचवतो. क्लायंटला नाही, आणि पाणी प्यायला तो खाली केलात की त्या मिनिटाला तुम्हालाही नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मैत्रीण काम करायची, हाताने अतिशय कुशल. तिची बोटांची टोकं आधी कोरडी पडली, मग चिरली. तिला वाटलं, साबणाने होत असेल. मग पापण्या सुजायला लागल्या. ज्या पापण्यांना तिने जेल कधी लावलंच नव्हतं, त्या सुजत होत्या, हेच आम्हाला कोडं होतं. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर लावून बघायची चाचणी) केली तेव्हा अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी निघाली. अ‍ॅक्रिलेट म्हणजे जेलमधलं मूळ रसायन. ही अ‍ॅलर्जी मुख्यतः न सुकलेलं जेल कातडीला लागून होते, पण अर्धवट क्युअर झालेल्या (दिव्याखाली पुरतं पक्कं न झालेल्या) जेलच्या भुकटीतही तेच कच्चं रसायन, म्हणजे मोनोमर, असतं, आणि भुकटी पापणीवर बसायला कोणाची परवानगी मागत नाही. एकदा जडली की ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. दातांच्या फिलिंगमध्येही त्याच जातीची रसायनं असतात, त्यामुळे डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधी तिला हे सांगावं लागतं. तिलाही कित्येक वर्षं काही झालं नव्हतं, ताई. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. 'आजवर काही झालं नाही' यावर विसंबू नका, एवढंच मनापासून सांगतेय.

वॅटबद्दल बोलायला हवं, कारण तिथेच बहुतेक जणींची फसगत होते. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते. हवा किती ओढली जाते हे पंख्याच्या रचनेवर, तोंडाच्या आकारावर आणि फिल्टरच्या अडथळ्यावर ठरतं. घेताना हवेचा प्रवाह विचारा, आणि तो आकडा फिल्टर बसवून मोजलाय का तेही विचारा. पण त्याहून मोठी गोष्ट अंतराची. हवा ओढणाऱ्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं, की हवेचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या जेमतेम दहाव्या भागावर येतो. म्हणजे मशीनच्या तोंडावरची जाळी चार इंच रुंद असेल आणि क्लायंटचं बोट पाच इंच वर असेल, तर ताकदवान मशीनही तिथे दुबळंच. इंटरनॅशनल मेकॅनिकल कोड या नमुना नियमावलीत नेल टेबलसाठी हवा खेचणारं तोंड कामाच्या जागेपासून 12 इंचांच्या आत आणि दर टेबलामागे मिनिटाला किमान 50 घनफूट हवा बाहेर टाकणारं हवं, असं आहे. ती तरतूद हवा इमारतीबाहेर सोडणाऱ्या व्यवस्थेची आहे, टेबलावरच्या छोट्या मशीनची नाही. तरी अंतराचं महत्त्व त्यातून कळतं.

म्हणून माझी विनंती: हात मशीनच्या शेजारच्या उशीवर नको, जाळीच्या वर घ्या. बोट जाळीपासून दोन-तीन इंचांवर ठेवा आणि नखं घासायच्या ड्रिलची धूळ ज्या बाजूला उडते ती बाजू जाळीकडे करा. नुसता हात वळवल्याने जो फरक पडतो, तो मशीन बदलूनही पडत नाही. जाड थर काढताना खरबरीत कार्बाइड बिट (ड्रिलला लावायचं धातूचं दातेरी टोक) वापरलात तर बारीक धुळीऐवजी सालपटं निघतात, ती पटकन खाली पडतात.

कापडी पिशवीच्या मशीनबद्दल माझं मत कडक आहे. मोठा भुगा पिशवीत राहतो आणि बारीक कण कापडातून पुन्हा खोलीत येतात. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. 'हेपा टाइप' असं मोघम लिहिलं असेल तर चाचणीचा आकडा मागा. आणि हेपा वास अडवत नाही. वाफांसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो, तो भरला तरी डोळ्यांना कळत नाही, आणि खेळती हवा नसेल तर तोही कमीच पडतो. अ‍ॅसिटोनचा कापूस चालू मशीनजवळ अजिबात ठेवू नका. कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात आणि अ‍ॅसिटोनची वाफ चटकन पेट घेते.

आता जे मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं ते. दर क्लायंटनंतर मशीन चालू ठेवूनच जाळीवरचा भुगा मऊ ब्रशने आत सारा. दिवसाच्या शेवटी मशीन दोन मिनिटं रिकामं चालवा, मग बंद करून प्लग काढा. मास्क आणि नायट्राइल हातमोजे घालूनच फिल्टर बाहेर काढा. तो आपटू नका, फुंकू नका, एअर ब्लोअर तर नकोच, कारण दिवसभर अडवलेलं सगळं एका फुंकरीत हवेत जातं. हेपा असलेल्या व्हॅक्यूमने हलकेच ओढून घ्या. भुगा पिशवीत बांधून टाका आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा, कोरडं झटकू नका. नवा फिल्टर बसवलात की त्याच दिवशी टिश्यूची एक पट्टी बोटाच्या उंचीवर जाळीवर धरा आणि ती किती वाकते याचा फोटो काढून ठेवा. पट्टी निम्मीही वाकेना झाली की फिल्टर बदलायचा. आठवडे मोजत बसू नका, कारण दिवसाला दोन क्लायंट करणारीचा आणि आठ करणारीचा फिल्टर सारखा टिकत नाही.

आवाजाची तुमची तक्रार रास्त आहे. मोठ्याने बोलावं लागत असेल तर तसं मशीन दिवसभर कानाशी नको. पण एक सांगा, पहिल्या दिवसापासून आवाज एवढाच होता की नंतर वाढला? वाढला असेल तर पंख्याच्या पात्यांवर भुकटीचे थर बसले असतील. थर सगळीकडे सारखे बसत नाहीत, मग पंखा डळमळतो आणि घरघरतो. प्लग काढून झाकण उघडा, पाती कोरड्या ब्रशने साफ करा आणि काय दिसलं ते कळवा. जुन्या फिल्टरच्या कडेचा फोटोही पाठवलात तर फार बरं होईल.