गंजते म्हणून सुरी हलकी ठरत नाही

‘लोहाराने घडवलेली सुरी आठवडाभरात काळी पडते, गंजते, म्हणजे तिचे लोखंडच हलके; ठोकून केलेल्या पात्यात नेमकेपणा नसतो आणि अशा गंजाने धनुर्वात होतो,’ असा मजकूर सध्या मोबाइलवरून घरोघरी फिरतो आहे. त्यातील एकही विधान टिकणारे नाही.

गंजाचा संबंध प्रतीशी नसून घटकांशी आहे. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पात्याचे रक्षण करतो. घिसाडी आणि लोहार मालमोटारीच्या स्प्रिंगच्या ज्या जुन्या पाट्यांपासून सुऱ्या घडवतात, त्यांत इतके क्रोमियम नसते. कार्बन मात्र ०.५ ते ०.६ टक्के असतो आणि पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, कठीण होण्याचा गुण त्या पोलादाला कार्बनामुळेच मिळतो. कांदा किंवा कच्ची केळी चिरल्यावर पाते काळवंडते, ते याच पोलादाच्या स्वभावामुळे.

नेमकेपणाचा आक्षेप तर कारागिरीवर अन्याय करणारा आहे. घणाचे घाव पात्याला आकार देतात. कठीणपणा येतो तो पाणी देताना. भात्याने फुललेल्या कोळशात पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की लोहचुंबक त्याला चिकटेनासा होतो. तापलेल्या पात्याचा रंग अचूक कळावा म्हणून जाणता कारागीर हे काम उन्हात न करता सावलीत करतो आणि पाते तेलात बुडवतो, कारण पाण्यात या पोलादाला तडा जाण्याची भीती असते. त्यानंतरचे पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून उजळ करून पुन्हा मंद आचेवर धरले की त्यावर फिकट पिवळसर छटा चढते. ती २०० ते २३० अंशांची खूण. त्या छटेपाशी हात थांबला नाही, तर धार मऊ पडते. हा नेमकेपणा नव्हे तर काय?

बाजारात पाणी न दिलेल्या, साध्या लोखंडाच्या सुऱ्याही विकल्या जातात, हे मान्य केले पाहिजे. त्या ओळखण्यासाठी धारेजवळ कानस हलकेच फिरवावी: पाणी दिलेल्या पात्यावरून ती घसरते, साध्या लोखंडात रुतते.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गंजात ते निर्माण होत नाहीत. जखम चकचकीत सुरीने झाली, तरी लस घेतलेली असणे तितकेच आवश्यक असते.

राहिला गंज, तर चिरून होताच पाते धुऊन लगेच कोरडे पुसावे आणि ठेवताना त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे.