खुलासा : दरपत्रक लावल्याने रुग्ण दर ताडून पाहतात का?

‘रुग्णालयांनी दर जाहीर केले की लोक तुलना करतील आणि दर आपोआप उतरतील’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो निम्माच खरा आहे.

अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दर पाहण्याचे ऑनलाइन साधन दिले. पहिल्या वर्षभरात जेमतेम 10 टक्क्यांनीच ते उघडले आणि बाह्यरुग्ण खर्च काही घटला नाही (अभ्यास 2016चा). तिथल्याच पायाच्या एमआरआयच्या अभ्यासात रुग्ण वाटेतली सरासरी सहा स्वस्त केंद्रे ओलांडून महागड्या केंद्रात गेलेले दिसले. कारण आळस नव्हे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे केंद्र सुचवले, तिथेच बहुतेक जण गेले.

म्हणजे तुलना होतच नाही का? होते, पण काम आधी ठरलेले आणि मोजता येणारे असेल तरच : चष्मा, दातांची कवळी, नेहमीची रक्ततपासणी. छातीत कळ आल्यावर दरपत्रक कोण वाचणार!

शस्त्रक्रियेच्या दरात तर फसगत ठरलेली. एका ठिकाणच्या आकड्यात भूल, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग) आणि खोलीभाडे धरलेले असते, दुसरीकडे फक्त सर्जनची फी. तेव्हा शस्त्रक्रियेचे नेमके नाव आणि इम्प्लांटचा प्रकार सांगून लेखी अंदाजपत्रक मागा. किती दिवसांचा मुक्काम धरला आहे आणि तो वाढल्यास रोजचा आकार किती, हेही त्यात लिहून घ्या. दर विचारायची खरी वेळ मात्र त्याआधीची, डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाची : ‘हीच तपासणी दुसरीकडे केली तर चालेल का?’