जाडी कुठल्या बाजूला?

"चार पत्रे तर आहेत, दुपारपर्यंत होऊन जाईल," असं साहेब म्हणाले आणि मी मान डोलावली. हॉपर म्हणजे वर रुंद, खाली निमुळतं असं मालाचं नरसाळं. लहान मूलही काढील. कागदावर.

स्टीलच्या कामांचं 3D मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला पत्रा टाकला की ते विचारतं, जाडी रेघेच्या डावीकडे, उजवीकडे की मधोमध? रेघेला जाडी नसते, पत्र्याला 12 मिमी असते. सगळा तंटा एवढाच. मी 'मधोमध' निवडलं. घरच्या भांडणातही मी तिथेच असतो आणि दोन्हीकडून खातो. इथेही तेच झालं. आतून 2400 हवे होते, दोन्ही बाजूंनी सहा-सहा मिमी (भिंत तिरपी, म्हणून आडवं मोजलं तर जवळजवळ सात-सात) गिळून 2386 उरले. जाडी बाहेर ढकलली, तर हॉपर शेजारच्या कॉलमच्या अंगावर गेला.

ते कसंबसं निस्तरलं, तर कोपरा आला. चारही भिंती आडव्याशी 60 अंशांत. लगतच्या दोन भिंतींमधला कोन काटकोनच असणार, असं मी ठामपणे धरून चाललो होतो. (ठामपणा हा माझा जुना आजार.) मोजला तर 104.5 अंश! शिवाय दोन भिंती मिळतात त्या घळीचा उतार 60 नव्हेच, जेमतेम 51. माल चिकटून बसतो तो नेमका तिथे. म्हणजे भिंती कितीही उभ्या करा, कोपरा आपला आरामात रेललेला.

तोवर पडद्यावर पत्रे एकमेकांतून भुतासारखे आरपार गेले होते. सॉफ्टवेअरची हरकत शून्य. पोलाद पोलादातून जातं यात त्याला काहीच वावगं वाटत नाही. मी कडा तिरप्या छाटल्या, बाहेरून स्टिफनर (पत्रा वाकू नये म्हणून आधाराच्या पट्ट्या) लावले, वेल्डला वाट मिळावी म्हणून प्रत्येक स्टिफनरचा आतला कोपरा कापला आणि 'क्लॅश चेक', म्हणजे कोण कुणात घुसलंय याची तपासणी, चालवला. 212 टकरी. पहिल्या पन्नास पाहिल्या, तर बोल्ट आणि त्याचाच नट. ते एकमेकांत शिरणार नाहीत तर काय लांबून नमस्कार करणार? वैतागून मी यादीच बंद केली.

संध्याकाळी वजनाचा तक्ता काढला, तर हॉपर हिशेबापेक्षा चांगलाच जड. 12 मिमीचा एक चौरस मीटर पत्रा 94.2 किलो भरतो. जादा वजन बरोबर एका भिंतीएवढं होतं. स्टिफनर मोजले, बोल्ट मोजले, स्टीलची घनता घनमीटरला 7850 किलो आहे ना तेही पाहिलं. शेवटी चिडून डावी भिंत डिलीट केली.

भिंत तिथेच.

पुन्हा पाहिलं. अनडू केलं. परत डिलीट केलं. भिंत तिथेच. मिरर करताना (एका बाजूची आरशातली प्रत दुसरीकडे उमटवताना) कधीतरी मी एकावर एक हुबेहूब दोन पत्रे ठेवले होते. पडद्यावर एकच दिसायचा. क्लॅशच्या यादीत ही टक्कर 187व्या क्रमांकावर इमानदारीत लिहिलेली होती.

ड्रॉइंग्ज तिसऱ्या दिवशी गेली. 'दुपारपर्यंत' होतं, कुठली दुपार ते ठरलं नव्हतं. आठवड्याने वर्कशॉपमधून फिटरचा फोन आला. "साहेब, पत्रे झकास कापून आलेत. फक्त एक सांगा, नंबर टाकलेली बाजू आत घ्यायची की बाहेर?"

"थांब," मी म्हणालो, "मॉडेल उघडतो."