सॅफ कप कुणी आंदण दिलेला नाही

"दक्षिण आशियाई फुटबॉलचा सॅफ कप म्हणजे आपल्या घरचीच ट्रॉफी. समोर कुणीच नसतं, दुसरी फळी पाठवली तरी कप आपलाच, त्यामुळे भारताच्या त्या नऊ विजेतेपदांना काडीची किंमत नाही." असा मेसेज सध्या फुटबॉलच्या ग्रुपांवर फिरतोय. नऊ हा आकडा खरा, बाकी सगळं चूक.

समोर कुणीच नसतं? १९९३ ला लाहोरात पहिली स्पर्धा आपण जिंकली आणि दोनच वर्षांनी कोलंबोत श्रीलंकेने जादा वेळेत १-० ने कप नेला. २००३ ला ढाक्यात बांगलादेशने उपांत्य सामन्यातच गोल्डन गोलवर (जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकला) आपल्याला घरी पाठवलं आणि पुढे कपही जिंकला. २००८ ला चार लाखही वस्ती नसलेल्या मालदीवने अंतिम सामन्यात हरवलं. आणि २०१३ चं काठमांडू कसं विसरता? अफगाणिस्तानचा गोली मन्सूर फकीरयारने उपांत्य सामन्यात यजमान नेपाळच्या दोन पेनल्टी अडवल्या, मग अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने आपल्याला २-० ने हरवलं. ज्या काबूलच्या गाझी स्टेडियमवर तालिबानने लोकांना जाहीर मृत्युदंड दिले, त्या शहरात लोक त्या रात्री रस्त्यावर येऊन नाचले. त्या विजयाला 'समोर कुणीच नाही' म्हणणं मला सहन होत नाही.

दुसऱ्या फळीचं म्हणाल तर २००९ ला २३ वर्षांखालच्या पोरांनी कप आणला, हे खरं. पण मालदीवविरुद्ध अंतिम सामन्यात गोलशून्य बरोबरीनंतर, पेनल्टी शूटआऊटमध्ये. २०१८ ला पुन्हा २३ वर्षांखालचाच संघ पाठवला, समोर पुन्हा मालदीव, आणि आपण २-१ ने हरलो.

राहिली किंमत. २०२३ ला बंगळुरूत कुवेत आणि लेबनॉन पाहुणे म्हणून खेळले. लेबनॉनला शूटआऊटमध्ये हरवलं, कुवेतशी अंतिम सामना १-१. मुख्य कोच निलंबित, म्हणून रेषेवर उभे होते गोव्याचे महेश गवळी. याच गवळींनी २००५ ला कराचीत बांगलादेशविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल मारला होता. कुवेतविरुद्ध शूटआऊटमध्ये पाच-पाच पेनल्टी झाल्या तरी ४-४ बरोबरीच. सहावी नाओरेम महेशने जाळ्यात घातली आणि कुवेतची सहावी पेनल्टी आपला गोली गुरप्रीतने झेप घेऊन अडवली, तेव्हा कुठे तो नववा कप हाती आला.