रात्रीच्या पोळीला रजा

नोकरी करणाऱ्या आईबापांनी लहान मुलांसकट संध्याकाळ कशी निभवावी यावर सल्ल्यांना तोटा नाही. आठवड्याचा मेनू फ्रीजवर चिकटवा, रविवारी भाज्या चिरून डबे भरा, मुलांना क्वालिटी टाइम द्या, शिवाय स्वतःसाठी वीस मिनिटं काढा. ती वीस मिनिटं कुठून काढायची हे कुणी सांगत नाही. माझा सल्ला एकच आहे आणि त्यावरून घरोघरी भांडणं लागू शकतात: सोमवार ते शुक्रवार रात्रीच्या जेवणातून पोळी काढून टाका.

हसू नका. हिशोब मांडते.

आम्ही डोंबिवलीकर. माझं ऑफिस परळला, नवऱ्याचं ऐरोलीला. मुलगी पहिलीत, धाकटा साडेतीन वर्षांचा. शाळा सुटली की दोघं पाळणाघरात. नवरा सातच्या सुमारास त्यांना घरी आणतो. फास्ट मिळाली आणि मध्येच कुठे रखडली नाही तर साडेसातला मी घरात. मुलं नऊ-सव्वानऊला आडवी व्हायला हवीत. म्हणजे हातात पावणेदोन तास, आणि त्यात जेवण, अंघोळ, दप्तर, उद्याचे डबे, दिवसभराची गाऱ्हाणी, गोष्ट, झोप.

आता पोळ्या. सासू-सासरे आमच्याकडे असतात तेव्हा चार मोठी माणसं आणि दोन लहान. कणीक मळा, मुरू द्या, गोळे करा, लाटा, भाजा, तूप लावा, मग ओट्यावर पसरलेलं पीठ पुसा. पाऊण तासाच्या आत ज्यांचं होतं त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

बरं, मिनिटांचं एकवेळ सोडा. पोळीची खरी अडचण ही की तवा तापला की ओटा सोडता येत नाही. कुकर लावला तर शिट्ट्या होईपर्यंत जमिनीवर फतकल मारून बसता येतं. आमटीला उकळी येतेय तोवर वेणीचा गुंता सोडवून होतो. पोळी मात्र एक तव्यावर, एक पोळपाटावर, आणि नजर हलली की करपली. नेमकं याच वेळेला धाकट्याला आई हवी असते. पाळणाघरातल्या काकू सांगतात, दिवसभर अगदी शहाण्यासारखा होता हो! असणारच. दिवसभर आवरून धरलेलं सगळं तो घरी आल्यावर सोडतो, कारण सोडायला हक्काची जागा तीच. तो येऊन पायाला मिठी मारतो आणि आपण लाटण्याच्या हाताने त्याला मागे सारत म्हणतो, "लांब हो राजा, गरम आहे." अशा कित्येक संध्याकाळी मी त्याच्याशी जे काही बोलले असेन त्यात सगळ्यात जास्त वेळा 'लांब हो' असेल.

म्हणून रात्रीचा पदार्थ निवडताना माझी एकच कसोटी: तो मला ओट्याशी किती वेळ बांधून ठेवतो?

आता दुसरी गोष्ट, जी पुरुष मित्रांना आवडणार नाही, पण वाचा. आपल्याकडे बहुतेक घरांत पोळ्या एकाच माणसाला येतात, आणि ते माणूस कोण हे सांगायला नको. रात्रीच्या जेवणात पोळी आहे म्हटल्यावर रात्रीचं जेवण तिचं झालं. ती कितीही वाजता आली तरी तिचंच. "मी केलं असतं गं, पण माझ्या पोळ्या गोल होत नाहीत" हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई मला दाखवा. कुकर लावायला कुणाला येत नाही? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. त्यातही ही ८८ मिनिटं जे पुरुष हे काम करतात त्यांची. जे हातच लावत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

आमच्याकडे पोळी गेली तशी ही सबब गेली. आता जो आधी घरी पोचतो तो कुकर लावतो, आणि आधी नवरा पोचतो. मी चपला काढते तेव्हा घरात वरणाचा वास असतो. यावर आमच्या सोसायटीत त्याचं जे कौतुक होतं ते बघण्यासारखं आहे. "किती मदत करतात हो तुमचे मिस्टर!" कुणाला मदत? दोन्ही वेळा तोही जेवतो की!

मग रात्री खायचं काय? अहो, पोळीशिवायही आपल्या स्वयंपाकात पुष्कळ आहे, फक्त ते 'आज काही केलं नाही' या सदरात टाकून ठेवलंय. मुगाची खिचडी आणि कढी. पिठलं-भात. वरणफळं जरा खटपटीची, ती शुक्रवारी. थालीपीठही चालतं, पण भाजणीत कांदा घालून सकाळी भिजवून जाऊ नका, संध्याकाळपर्यंत पाणी सुटून त्याचं पिठलं झालेलं असतं. इडलीचं पीठ असेल तर दोन दिवस तसेच निघतात. भाजी निवडायचा कंटाळा असेल तर स्टेशनबाहेर सोललेला मटार आणि निवडलेली मेथी मिळतेच. आणि लेडीज डब्यात बसायला मिळालं तर मुलुंड ते डोंबिवलीत एक जुडी आरामात निवडून होते, हे मध्य रेल्वेच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

माझी लाडकी मात्र उकड. तांदळाचं पीठ आंबटसर ताकात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. कढईत तेल जरा सढळ हाताने, मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, आलं. मिरची मोठे तुकडे करून घालायची, म्हणजे मुलांच्या ताटलीतून वेचून काढता येते. फोडणीत थोडं पाणी, मीठ, पाणी उकळलं की कालवलेलं पीठ ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग एकदम घट्ट होत जातं, कढईच्या कडा सुटतात आणि त्यावर एक तकाकी येते. झाकण ठेवून एक वाफ. ताटलीत पसरून वर कच्चं तेल. दहा-बारा मिनिटं ओट्याशी उभं राहावं लागतं, कबूल, पण तेवढंच. आणि दात नसलेल्यापासून दुधाचे दात पडत असलेल्यापर्यंत सगळे खातात.

मुलांची जेवायची वेळही यामुळे अलीकडे येते, आणि हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. पाळणाघरात पाचला दूध-बिस्किट झालेलं असतं. सातला मूल घरी येतं ते भुकेलं. आपण त्याला चकली-चिवडा देऊन थोपवतो, पोळ्या होईपर्यंत नऊ वाजतात, तोवर भूक मेलेली आणि झोप आलेली, मग मोबाइल लावून एकेक घास कोंबायचा. 'आमचा जेवतच नाही हो' अशी तक्रार असलेल्या निम्म्या मुलांना सव्वासातला गरम मऊभात-तूप-मीठ देऊन बघा. माझं माहेर रत्नागिरीचं, लहानपणी आम्हाला दिवेलागणीला मऊभात आणि वर मेतकूट मिळायचं. मोठी माणसं मागाहून निवांत जेवत. सगळ्यांनी एकत्र जेवावं हे मलाही पटतं, पण ते शनिवार-रविवारी. आठवड्यात आम्ही मुलांसोबत बसतो, जेवतोच असं नाही.

झोपेचं एक सांगून टाकते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धाकटा रात्री साडेदहापर्यंत टक्क जागा. मालिश, गोष्टी, अंगाई, सगळं करून झालं. शेवटी पाळणाघरात विचारलं तर तो दुपारी दोन ते साडेचार गाढ झोपत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. अडीच तास दुपारीच झाले आणि सकाळी सातला उठवायचं, तर रात्री नऊला तो का म्हणून झोपेल? काकूंना विनंती केली, साडेतीनला उठवा. त्या कुरकुरल्या, कारण मुलं झोपतात तेवढाच त्यांनाही विसावा. तरी ऐकलं. रात्र सुधारली.

गृहपाठाबद्दल फार लिहीत नाही, डोकं फिरतं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्वच्छ म्हटलंय. आमच्याकडे पहिलीला वर्कशीट येतात आणि रात्री साडेनऊला ग्रुपवर निरोप येतो, उद्या पिवळा टी-शर्ट आणि एक सुकलेलं पान पाठवावे. रात्री साडेनऊला डोंबिवलीत सुकलेलं पान! मी तो ग्रुप सकाळीच बघते. पिवळ्याऐवजी केशरी गेल्याने कुणाचं काही अडलेलं नाही.

आणि 'कंपनीने पाळणाघर द्यायला हवं' असं म्हणणाऱ्यांसाठी: कायदा झाला की. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही दिली. कागदावर उत्तम. पण सकाळच्या फास्टला डोंबिवलीहून साडेतीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन कोण चढणार? जिथे स्वतःचे दोन पाय टेकवायला जागा नाही तिथे? आम्हा उपनगरवाल्यांना पाळणाघर घराजवळ हवं आणि ऑफिस अर्धा तास आधी सुटायला हवं. पहिलं पैसे टाकून मिळतं. दुसरं मागितलं की साहेब म्हणतात, मग सगळेच मागतील. मागू द्या ना.

आता आक्षेप. 'रात्री भात खाल्ला की पोट सुटतं.' अख्खं कोकण आणि गोवा दोन्ही वेळा भात खात आलंय. ताटात किती वाढून घेता ते बघा. 'डब्याला तरी पोळी लागतेच ना?' लागते, आणि त्या सकाळी मावशी येऊन करून जातात. रात्रीसाठी दुसऱ्या बाई ठेवणं आम्हाला परवडत नाही. 'घरात शुगरचं माणूस आहे.' हा आक्षेप खरा. सासऱ्यांना डॉक्टरांनी भात कमी सांगितलाय. त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून दोन ज्वारीच्या भाकऱ्या येतात, नवरा मुलांना घेऊन येतानाच आणतो. डोंबिवलीत राहायचं आणि पोळीभाजी केंद्राला नावं ठेवायची हा कृतघ्नपणा आहे.

सासूबाईंचं प्रकरण थोडं अवघड गेलं. साताऱ्याकडच्या त्या. "पोळी नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही गं," असं पहिले काही दिवस रोज म्हणायच्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला सकाळची ठेवते बाजूला." तर म्हणे शिळी नको. मग एका रात्री नवऱ्याने कणीक आणि पोळपाट त्यांच्याच पुढ्यात ठेवलं. त्यांनी एक त्याच्याकडे बघितलं, एक पोळपाटाकडे, आणि म्हणाल्या, "राहू दे. वाढ ती उकड."

हल्ली त्या तिच्यात लसूण कमी पडल्याची तक्रार करतात. तक्रार रास्त आहे, नवरा लसूण सोलायचा कंटाळा करतो.

तुमच्याकडे सात ते नऊमध्ये कढईत काय असतं ते खाली लिहा. अट एवढीच, पोळी नको आणि दहा मिनिटांच्या वर ढवळायला लागेल असं नको. नूडल्सची पाकिटं मला माहीत आहेत, ती सांगू नका.