बायपास करावी लागली, म्हणून डॉक्टर लबाड ठरत नाही

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून धाकट्या भावाचा फोन आला. गल्लीतल्या एका काकांची रक्तवाहिनी स्टेंट टाकताना फाटली, त्याच रात्री छाती उघडून बायपास करावी लागली आणि काका वाचले; तरीही तालमीच्या कट्ट्यावर निकाल लागला आहे की, दुहेरी बिलासाठीच डॉक्टरांनी हे केले. ऐकून माझा संताप झाला.

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये अशा रात्री शस्त्रक्रियेवेळी हृदय-फुप्फुसाचे काम करणारे हार्ट-लंग मशीन मी चालवते. रक्तवाहिनीला छिद्र पडले की हृदयाच्या आवरणात रक्त साचून हृदयच दाबले जाते. तेव्हा फुगा फुगवून छिद्र दाबून धरतात, सुईने रक्त काढतात, आवरण असलेला स्टेंट बसवून पाहतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर रुग्ण शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे येतो. रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही औषधे आधीच पोटात गेलेली असल्याने टाक्याच्या प्रत्येक भोकातून रक्त झिरपत राहते आणि सर्जनला कितीतरी वेळ नुसता गॉज दाबून उभे राहावे लागते. 1977 मध्ये झुरिकला डॉ. ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अरुंद रक्तवाहिनी फुग्याने रुंद करण्याची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही सर्जन तयारीत होते. आज शंभरात एकालाही अशी तातडीची शस्त्रक्रिया लागत नाही, पण ज्याला लागते त्याच्यासाठी मिनिटे मोजावी लागतात.

2017 मध्ये सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली, ते योग्यच झाले. मात्र आपल्याकडची चर्चा अजून किमतीपाशीच अडली आहे. सर्जन याच इमारतीत आहे का, नसल्यास कुठल्या रुग्णालयाशी लेखी व्यवस्था आहे, थिएटर किती वेळात मिळेल, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी कोणी विचारत नाही. इथे इंग्लंडमध्येही स्टेंट टाकतात त्या प्रत्येक कॅथलॅबशेजारी सर्जन नसतो, पण रुग्ण कुठे न्यायचा हे आधीच ठरलेले असते आणि निळा दिवा लावलेल्या रुग्णवाहिकेतून तो आमच्या दारात येतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे खरी. पण बाबांवर कोल्हापुरात अशीच वेळ आली, तेव्हा मी इथून फोनवर डॉक्टरांच्या चुकाच काढत होते. भाऊ एवढेच म्हणाला, "ताई, ठेव आता. रक्ताच्या पिशव्या आणायच्या आहेत." फोन ठेवण्यापूर्वी मी त्याला विचारले होते, यात डॉक्टरांचे कमिशन किती.